सरळ गोठलेला बांगडा

दातारकाकांनी आयुष्यात कधी मासा खाल्लेला नाही. पण बांगडा वाकडा गोठला, तर त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.

कॅनडातल्या एडमंटनमध्ये मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो. काकांचं वय एकाहत्तर, मूळ गाव वाई, निवृत्त इंजिनिअर. गराजमध्ये त्यांचा एक मोठा फ्रीझर आहे आणि त्यात साठेक मेलेले मासे असतात: बांगडे आणि तारल्या. ते आमिष म्हणून. इथल्या तळ्यांत पाईक नावाचा, सुसरीसारख्या तोंडाचा मासा असतो. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडायचं आणि आमिष लावलेला गळ खाली सोडायचा. पाईक लागला की काका त्याच्या तोंडातला गळ काढतात, "सॉरी हं" म्हणतात आणि त्याला पाण्यात परत सोडतात.

आमिषाची तयारी मी अनेकदा पाहिली आहे. मासे आधी कागदाने टिपायचे. मग ट्रेवर, एकमेकांना चिकटणार नाहीत असे, फूटपट्टीच्या कडेला सरळ ठेवायचे. कडक झाले की एकेकाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत भरायचं, स्ट्रॉ लावून पिशवीतली हवा तोंडाने ओढायची आणि वर तारीख टाकायची. हवा ओढणारा माणूस कांदा-लसूणही वर्ज्य मानणारा आहे, हे नोंदवून ठेवतो.

"वाकडा मासा पाण्यात भोवऱ्यासारखा फिरतो," काका म्हणतात. "पाईक काय वेडा आहे का?"

हा प्रश्न ते कशालाही लावतात. मी विंटर टायर उशिरा बदलले, तेव्हाही पाईक वेडा आहे का, असं मला विचारण्यात आलं.

"माझ्या मोदकांवर कधी तारीख टाकलीत का हो?" काकू एकदा म्हणाल्या.

"मोदक उरतात कुठे?"

ही सगळी विद्या त्यांना वॉल्टरनी दिली. वॉल्टर बारा वर्षं काकांचे शेजारी होते. आता ते वृद्धांच्या केअर होममध्ये असतात. वर्षातून एकदा, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, काका त्यांना तळ्यावर नेतात. यंदा तिथल्या नर्सने काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या वर्षी नेता येईल असं धरून चालू नका.

आता माझ्या कामगिरीकडे वळतो. नागपूरच्या एका दैनिकात मी अठरा वर्षं उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पेशा. त्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी तापमान उणे चौतीस होतं. गाडीचं इंजिन रात्रभर गरम राहावं म्हणून तिचा हीटर विजेला जोडावा लागतो, आणि बाहेरचा प्लग बंद पडलेला. गराजमधल्या हाताशी येणाऱ्या एकुलत्या सॉकेटला फ्रीझर जोडलेला होता. मी विचार केला: सगळं शहरच फ्रीझर झालेलं असताना या डब्याला वीज कशाला? मी त्याची वायर काढली आणि गाडीची लावली.

गराज हीटर लावून गरम ठेवलेलं असतं. मी तिथे नुसत्या शर्टावर उभा होतो, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी काकांनी झाकण उघडलं. त्यांनी एक तारली बोटाने दाबली. बोट आत गेलं.

"काका, परत गोठवू या ना," मी म्हणालो.

"एकदा बर्फ सुटलेला मासा परत गोठवला की लिबलिबीत होतो. गळावर राहत नाही." माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "परवा शनिवार आहे, संपादक."

पाईकबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. ते विचारते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी मी कामावर सुट्टी टाकली आणि एका फिलिपिनो ग्रोसरीतून सगळे ताजे बांगडे आणले. फ्रीझरमध्ये ते वेळेवर कडक होतील याची काकांना खात्री नव्हती, म्हणून ट्रे मागच्या अंगणात ठेवायचं ठरलं. पाच मिनिटांत कुंपणावर मॅगपाय नावाचे, कावळ्याच्या जातीचे चोरटे पक्षी जमले. त्यामुळे माजी उपसंपादक दोन तास बर्फात उभा राहून फावडं घेऊन बांगड्यांची राखण करत होता. काकू खिडकीतून फोटो काढत होत्या. एक पक्षी माझी टोपी घेऊन गेला. मासे मात्र सगळे वाचले, आणि सगळे सरळ गोठले.

शनिवारी थंडी कमी झाली होती. तळ्यावर काकांनी वॉल्टरना खुर्चीत बसवलं, दोन ब्लँकेटं घातली, बर्फाला भोक पाडलं. वॉल्टर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"यू न्यू हिअर?"

"येस सर," काका म्हणाले. "फर्स्ट टाइम."

वॉल्टरना त्यांच्या बारा वर्षांच्या शेजाऱ्याची आठवण करून द्यावी म्हणून मी पुढे झालो. काकांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. मग पिशवीतून बांगडा काढून त्यांनी गळ त्याच्या डोक्यात खुपसला. तिथे तो कधीही लावायचा नसतो, हे एव्हाना मलासुद्धा माहीत होतं.

"नो, नो, नो!" वॉल्टर खुर्चीत ताठ झाले. "हू टॉट यू दॅट?"

"नोबडी, सर."

वॉल्टरनी दातांनी हातमोजे ओढून काढले आणि मासा हातात घेतला. तीनदा गळ निसटला. काका गुडघ्यांवर बसून, मान पुढे करून बघत होते. चौथ्यांदा गळ शेपटीच्या मुळाशी, नेमक्या जागी गेला.

"सी?"

"आय सी, सर."

वॉल्टरनी तो काढून मासा काकांच्या हातात दिला. "नाऊ यू."

काकांनी गळ घेतला, थोडा विचार केल्यासारखं केलं, आणि पुन्हा चुकीच्या ठिकाणी लावला.