शीड गुंडाळण्याची सोय

"यंत्रणा मी निवडतो," असं मी जेवताना सहज म्हणून गेलो. बोलण्याआधी घास तरी गिळायला हवा होता.

झालं असं, की बायकोची बहीण समुद्रापलीकडे राहते, आणि बायकोला तिच्याकडे शिडाच्या बोटीने जायचं होतं. समुद्र ओलांडायचं हे वेड तिचं लहानपणापासूनचं. बोट सासऱ्यांची. त्यांनी जन्मभर मोठाली जहाजं बंदरात आणली, त्यामुळे जावयाला घरात घेतानाही नीट विचार केला असणार. (पुरेसा केला नाही, हे त्यांचंच मत.) अट एकच: भर वाऱ्यात मोठं शीड बसल्या जागेवरून गुंडाळून दाखवा, मग बोट मिळेल.

जुन्या पद्धतीत शीड उतरवायला हेलकावे खात डोलकाठीपर्यंत जावं लागतं. म्हणून नवी यंत्रणा. मी विमा कंपनीत कारकून आहे. बुडालेल्या बोटींच्या फायली रोज माझ्या टेबलावरून जातात, म्हणजे अनुभव दांडगाच.

दुकानात दोन प्रकार होते. एकात शीड उभ्या डोलकाठीच्या पोटात गुंडाळलं जातं, दुसऱ्यात खालच्या आडव्या दांड्यात.

"दांड्यातलं घेऊ," बायको म्हणाली. "अडकलं तरी निदान खाली उतरवता येईल. काठीतलं अडकलं तर वरच लटकत राहील."

"पण अडकेल कशाला?"

"तुम्ही असणार ना तिथे."

हा टोमणा मी मोठ्या मनाने पचवला आणि काठीतलं निवडलं. आमच्या ऑफिसच्या खिडकीचा पडदा अगदी तस्साच गुंडाळला जातो. (सध्या तो बरीच वर्षं अर्ध्यावर आहे, पण तो देखभालीचा प्रश्न.)

परीक्षेच्या दिवशी वारा सणसणीत होता. "मी नाहीच असं समजा," म्हणत सासरे खाली केबिनमध्ये जाऊन बसले. काम सोपं होतं. बायकोने सुकाणू गुडघ्याने आवळून एक दोर ओढायचा, म्हणजे शीड काठीत शिरतं. त्याच वेळी मी दुसरा दोर थोडा ताण ठेवून हळूहळू ढिला करायचा, नाहीतर आत चुण्या पडतात. हे दुकानदाराने मला पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, आणि मी पुन्हा पुन्हा मान डोलावली होती.

"सोडा," बायको म्हणाली.

आता आमच्या घरात या शब्दाला एकच अर्थ आहे. मी खिळा ठोकत असलो, नळ दुरुस्त करत असलो किंवा पाहुण्यांना विनोद सांगत असलो, की ती "सोडा" म्हणते आणि मी हातातलं काम टाकून बाजूला होतो. आमचा संसार त्यावरच टिकलाय. मी दोर सोडला. संपूर्ण. वर हातही झटकले.

शीड अर्धं आत गेलं, तिथे त्याचा बोळा झाला आणि ते अडकलं. उरलेलं अर्धं वारा पिऊन फुगलं आणि बोट तिरकी होऊन थेट खडकांकडे निघाली. मी साफ घाबरलो.

"अहो, दोर धरा."

"तूच सोडा म्हणालीस."

"हळूहळू सोडा."

"हळूहळू कसं सोडायचं? एकदा सोडलं की सोडलं."

एवढ्यात सासरे वर आले. एका हातात बाटली, दुसऱ्यात ग्लास. "कितीदा ओरडता? हा घ्या सोडा."

बायकोने बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं, सपासप आपटणारा माझा दोर झेलला, शीड जरा बाहेर, जरा आत असं करत चुणी मोकळी केली आणि सगळं शीड गुपचूप काठीत घातलं. खडक बाजूला राहिले. ही बाई समुद्र ओलांडणारच, हे मला तेव्हा कळलं आणि तिचा फार अभिमान वाटला. (स्वतःच्या निवडीचाही वाटला. बायकोच्याही आणि शिडाच्याही.)

सासऱ्यांनी काठी वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि सोड्याचा घोट घेतला.

"घेऊन जा बोट," ते लेकीला म्हणाले. तिचे डोळे भरून आले. "यंत्रणा उत्तम आहे. एकच भाग सदोष आहे. तेवढा किनाऱ्यावर काढून ठेव आणि नीघ."

मी लगबगीने पान्यांची पिशवी उघडली. "कुठला भाग, बाबा? आत्ता काढतो."

दोघंही माझ्याकडे बघत होती. मी मागे वळून पाहिलं. मागे नुसतं पाणी होतं.