न टोचलेले वांगे

हिलाल पाटलांना स्वयंपाकातले काहीही येत नव्हते, आणि म्हणूनच भरीत या विषयावर त्यांचे मत अंतिम मानले जाई. घरात मिठाचा डबा कुठे असतो हे ज्यांना चाळीस वर्षांत समजले नाही, ती माणसे मार्गशीर्षाच्या थंडीत मळ्यात तुरकाठ्यांचा जाळ पेटला की एकाएकी पाकशास्त्राची आचार्य होत, ही कोरीट गावची परंपराच होती. मळ्यातले भरीत पुरुषांनी करायचे. बायकांनी फक्त वांगी तोडायची, लसूण सोलायचा, दाणे कुटायचे, कळण्याच्या भाकरी थापायच्या आणि बाजूला व्हायचे. यानंतर जे काही उरते, त्याला भरीत करणे म्हणतात.

या खेपेच्या भरताला मात्र गंभीर प्रयोजन होते. लेक धनुबाई लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी आलेली. तिला न्यायला सासरे दोधू पाटील तळोद्याहून स्वतः गाडी हाकत आले होते. धनुबाईला संक्रांतीपर्यंत राहायचे होते. मोठे मागणे नव्हते ते. हरभऱ्याचे घाटे, ज्वारीचा हुरडा, आणि सकाळच्या शेकोटीपाशी उघड्या डोक्याने बसून मोठ्याने हसणे, एवढेच. पण ती परवानगी व्याह्याकडे मागायची, तर आधी त्याचे पोट भरलेले हवे.

"आज याहीले मन्हा हातनं भरीत खावाडस," हिलाल पाटील मिशी पिळत म्हणाले. "मंग तो नही म्हनावच नही."

"तुम्हना हातनं?" कौसाबाईंनी भाकरी उलटली. "मंग पोरनं गठुडं बांधीच ठेवस मी."

"बाईसनं काम नही ते!"

"नही ना. पन हाऊ बाभूयना काटा लई जा. शेकाना आगोदर वांगास्ले टोचा, नही तं फुटतस."

"वांगा शेकाना शेतस, शिवाना नही!" असे म्हणून पाटलांनी तो काटा उंबऱ्याबाहेर फेकला. पत्नीचा सल्ला ऐकून विद्वत्तेला बट्टा लागतो, हे त्यांनी कुठल्याही ग्रंथात वाचले नव्हते. तो त्यांचा स्वयंभू सिद्धांत होता.

मळ्यात दिवस कलायला लागला होता. दोधू पाटील बाजेवर बसून आपल्या बैलांची वंशावळ सांगत होते आणि ती अजून आजोबांपर्यंतच आली होती. सातपुड्याकडून बोचरा वारा सुटलेला. खळ्याशेजारी दिवसभर वाळवलेल्या लाल मिरच्यांचा पुरुषभर ढीग होता. दव पडू नये म्हणून त्यावर कडबा अंथरला होता. वाऱ्याला आडोसा म्हणून पाटलांनी नेमका तोच ढीग निवडला.

त्यांचा चुलतभाऊ भटू लाकडी बडगी घेऊन भरीत ठेचायला बसला होता. तो शेजारच्या ढिगाकडे पाहत चाचरत म्हणाला, "दादा, मिरचीना जोडे आग?"

"मंग याहीले थंडीमा बसाडू का?"

आतिथ्याचा प्रश्न आला की खानदेशात तर्कशास्त्र हात जोडून उभे राहते. बावीस हिरवी वांगी अखंड, अक्षत आगीत गेली.

पहिले फुटले तेव्हा बैल दचकले.

"याही," दोधू पाटील म्हणाले, "हाई भरीत शे का दिवाई?"

"पहिलं फुटनं म्हंजे शुभ ऱ्हास!"

मग दुसरे शुभ झाले. तिसरे पाटलांच्या पागोट्याला चाटून गेले. तोवर जी पाच-सहा शिजली होती ती भटूने घाईने ठेचली, ताट व्याह्यापुढे ठेवले, आणि त्याच क्षणी चौथ्या वांग्याने एक भलामोठा निखारा उचलून अलगद कडब्यावर नेऊन ठेवला.

कडबा पेटला असता तर बरे झाले असते. तो धुमसला. हिलाल पाटलांनी घोंगडी उचलली आणि आग विझवण्यासाठी ती जोरजोराने हलवली. लोहाराचा भाता याहून वेगळे काही करत नाही. मिरची आतून तापली आणि तिने आपले मत व्यक्त केले.

भटू पळाला. बैल दावी तोडून पळाले. दोधू पाटील मात्र जागचे हलले नाहीत. वाढलेल्या ताटावरून व्याह्याने उठणे म्हणजे सोयरिकीचा अपमान. यजमानाने हात धरून उठवले तरच उठायचे. यजमान खळ्याच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यांवर पडून ठसकत होते. प्रतिष्ठेने कोंडलेला तो सद्गृहस्थ हातात घास धरून, डोळे मिटून, शेवटपर्यंत धुरात बसून राहिला. जगात मूर्खपणा पुष्कळ आहे, पण इतका शिस्तबद्ध क्वचितच पाहायला मिळतो.

त्यांना बाजेसकट घरी आणले. डोळे सुजून बंद, घशातून आवाजाऐवजी शिट्टी. वैद्य म्हणाले, "महिनाभर वारा लागू देऊ नका. गाडीत बसणे तर नाहीच."

हिलाल पाटील कौसाबाईंकडे विजयी मुद्रेने वळले. "दखं? पोर ऱ्हायनी ना? इचारानी गरजच पडनी नही!"

कौसाबाई चुलीपाशी बसलेल्या लेकीकडे पाहत होत्या. धनुबाईने पदर हनुवटीपर्यंत ओढला होता.

कारण बाज ओसरीत शेकोटीपाशी टाकलेली. सासऱ्यासमोर डोके उघडे चालत नाही, मोठ्याने बोलणे चालत नाही, हसणे तर नाहीच. घाटे खायचे ते कणगीआड लपून, हुरडा चोरासारखा. सासऱ्याला काढा देणे, डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवणे, पाय चेपणे, सारे तिच्याच वाट्याला. सुनेने सासऱ्यापुढे कसे वागावे हे स्मृतिकारांनी बारकाईने लिहून ठेवले आहे. सासराच तिच्या माहेरी येऊन पडला तर काय, हा विचार त्यांना शिवला नाही, कारण त्यांच्यातला एकही कधी कुणाची सून नव्हता.

नवव्या दिवशी दोधू पाटलांचे डोळे उघडले. कौसाबाईंनी स्वतः केलेले भरीत त्यांनी तीन भाकरींबरोबर संपवले. आवाजही परतला, आणि बैलांची वंशावळ पणजोबांपासून पुढे चालू झाली.

"याही," ते तृप्तीने म्हणाले, "तळोदाले कसानी घाई शे? आते संकरात करीसनच जास मी."

"ऱ्हा ना, ऱ्हा!" हिलाल पाटील म्हणाले. दुसरे काय म्हणणार?

आत गेले तर धनुबाई गाठोडे बांधत होती. भटूकाकाने अंगणात गाडी जुंपली होती.

"काय वं? कोठे चालनी?"

"सासरले."

"येडी शे का? याही तं संकरातलगुन आठेच शे!"

"म्हनीसनच जास ना, आबा." धनुबाईने गाठ आवळली आणि कित्येक दिवसांनी मोकळेपणाने हसली. "सासरा आठे शे, तोवर तठे दिनभर घरमा कोन? सासू नि मी. बिचारी सासूले बी जरासं माहेर मियी."

कौसाबाईंनी टोपलीत घाटे भरले, हुरडा भरला, आणि जरा विचार करून दोघींपुरती डझनभर वांगी वर ठेवली.