सकीनाच्या फोनोचं माप

नाशकात दूध बाजाराच्या मागं हारुन शेठची दुमजली चाळ होती आणि तिथं आवाजाचा प्रश्न निर्माण झाला होता. आवाज तसे पूर्वीपासून होते. मंगलाबाई दिवसभर उखळात मिरच्या कांडायची. गल्लीच्या तोंडाशी तांबट हंडे ठोकायचे. मापसाहेब कोंडाजी सकाळी गुळण्या करायला लागले की वळचणीचे पारवे उडून पलीकडच्या गल्लीत जाऊन बसायचे. पण ह्या आवाजांना कुणी आवाज म्हणत नसे. ते आपले होते. आवाज म्हणावा असा आवाज चाळीत आला तो नियाज शिंप्याच्या नव्या बायकोबरोबर.

सकीना मालेगावच्या विणकराची लेक. मागाच्या खटखटीत वाढलेली, त्यामुळं दुपारची शांतता तिला खायला उठायची. लेकीला करमावं म्हणून बापानं लग्नात फोनो दिला होता, मोठ्या पितळी कर्ण्याचा, आणि सोबत तबकडी मात्र एकच. घरकाम आवरलं की ती चावी द्यायची, सुई ठेवायची आणि तेच एक गाणं ऐकत नवऱ्याच्या सदऱ्यांना काजं करत बसायची. तेवढा वेळ ती माहेरी असायची.

मधल्या भिंतीपलीकडं कोंडाजी दुपारी आडवे व्हायचे. बाजारातली वजनं-मापं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. सिन्नरपासून हरसूलच्या आठवडे बाजारापर्यंत त्यांची छत्री दिसली की दुकानदार तराजू पुसायला लागत. नोकरी संपली, पण सवय कुठली जायला! भाजी खारट झाली असं ते कधी म्हणाले नाहीत. 'मीठ प्रमाणाबाहेर आहे' असा शेरा मारायचे, आणि त्यांची बायको चतुराबाई निमूटपणे रश्श्यात पाणी ओतायची. फोनोबद्दलही त्यांनी हारुन शेठकडं जाऊन तसाच शेरा मारला.

"शेठ, आवाज जास्त आहे."

"कशापेक्षा जास्त?" शेठनं सुपारी कातरता कातरता विचारलं. त्याच्या मनात बिचाऱ्याच्या काहीसुद्धा नव्हतं. पण कोंडाजी चमकले. इतका शास्त्रशुद्ध प्रश्न त्यांना साऱ्या नोकरीत कुणी विचारला नव्हता.

नियाजला बोलावून त्याच बैठकीत ठरलं. मापसाहेबांनी आवाजाचं माप घ्यावं. जास्त भरला तर फोनो मालेगावला जाईल, नाहीतर नियाजनं खोली सोडावी. बरोबर भरला तर पुन्हा कुणी चकार शब्द काढू नये. नियाजचं तोंड एवढंसं झालं.

"मापसाहेब, हवेतली गोष्ट तुम्ही तोलणार कशी?"

"मी दुधातलं पाणी धरलंय. हवेचं काय घेऊन बसलास?"

माप घेण्याची पद्धत कोंडाजींनी स्वतः बसवली. वरच्या सज्जाच्या एका टोकाला फोनो, दुसऱ्या टोकाला वजन म्हणून दुसरा एखादा रास्त आवाज, आणि बरोबर मधोमध खुर्चीवर डोळे मिटून खुद्द कोंडाजी. दोन्ही आवाज एकदम सुरू करायचे. जो भारी भरेल त्या बाजूला मापसाहेबांची मान कलेल. मान सरळ राहिली तर माप बरोबर. तराजूत आणि माणसात फरक करू नये, असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं.

रास्त आवाज म्हणून मंगलाबाईचं उखळ वर आणलं. त्याबद्दल आजवर कुणाची तक्रार नव्हती, म्हणजे ते रास्तच असणार. पण सगळी चाळ टक लावून बघतेय म्हटल्यावर मंगलाबाई लाजली आणि बदाम सोलावेत तशी हळूहळू कांडायला लागली. मान फोनोकडं कलली. "रोज असंच कांडते का ती?" नियाज कळवळून म्हणाला. ह्यावर मंगलाबाईला जो राग आला, तिनं मुसळ असं हाणलं की मापसाहेबांची मान दुसऱ्या बाजूला गेली आणि तिथंच अवघडली. चतुराबाईनं तेल लावून शेकल्यावर ती मधोमध आली.

मग तांबटाला बोलावलं. तो हातोडा घेऊन आला आणि गाणं सुरू होताच ठोकायचं विसरून ऐकत राहिला. शेवटी कोंडाजींनी जेवताना विचार केला आणि घास हातातच राहिला. उखळ कधी हळू, कधी जोरात. तांबट आज आहे, उद्या नाही. सबंध चाळीत काल होता तसाच आज आणि आज आहे तसाच उद्या येणारा आवाज एकच होता, तो म्हणजे फोनोचा. आपण शेराच्या मापालाच तागडीत घालून तोलत होतो!

त्यांनी सज्जात उभं राहून निकाल दिला. "सदर फोनो हा माल नसून माप आहे. शेराचं वजन शेरापेक्षा जास्त असू शकत नाही. फोनो निर्दोष."

सकीना पदराआड हसली. नियाजनं सगळ्यांना चहा पाजला. सगळ्यांत जास्त आनंद चतुराबाईला झाला, कारण रोज दुपारी नवरा कुशी बदलत असताना ती भिंतीला पाठ लावून तेच गाणं ऐकत बसायची. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं; त्यानं त्याचंही प्रमाण काढलं असतं.

चहा संपल्यावर कोंडाजी म्हणाले, "आता त्याला लाल फडक्यात बांधा. मी लाखेची मोहोर आणतो."

"मोहोर कशाला, काका?" सकीनानं विचारलं. "फोनो निर्दोष आहे ना?"

"पूर्णपणे."

"मग त्याला कोंडता का?"

"निर्दोष आहे म्हणूनच. खोटं माप कुणी कुलपात ठेवत नाही पोरी, ते मोडून टाकतात. खऱ्याला जपावं लागतं. वापरात गेलं की ते झिजतं."

"आणि गाणं मी ऐकायचं कधी?"

"तक्रार आली की. रीतसर तक्रार आल्याखेरीज प्रमाण माप बाहेर काढता येत नाही."

फोनो कोंडाजींच्या कपाटात गेला. सकीना दुपारभर काजं करायची आणि पुन्हा उसवायची. चतुराबाईला ते बघवेना. तिनं नळावर मंगलाबाईला गाठलं आणि दोघींनी मिळून ठरवलं, की चतुराबाईनं उखळाबद्दल तक्रार करायची, म्हणजे पोरीला गाणं तरी मिळेल. तक्रार दाखल झाली. मोहोर फुटली, गाणं लागलं, मंगलाबाईनं कांडलं, मान कलली. "उखळ जास्त," कोंडाजी म्हणाले. "उद्यापासून निम्मं कांडावं."

"तक्रार करायचं ठरलं होतं," मंगलाबाई नंतर चतुराबाईला म्हणाली. "जास्त निघायचं नव्हतं ठरलं."

दुसऱ्या दिवशी तिनं चतुराबाईच्या पाट्या-वरवंट्यावर तक्रार केली, आणि ती ठरवून केलेली नव्हती. मग काय विचारता! कुणी शेजाऱ्याच्या खोकल्यावर तक्रार केली, कुणी बिजागरीवर, कुणी जेवताना भुरके मारण्यावर. चतुराबाईनंही एक हिशेब चुकता केला आणि नवऱ्याच्या गुळण्या तागडीत घातल्या. कोंडाजींनी खुर्चीवर बसून स्वतःच्याच विरुद्ध मान कलवली आणि दुसऱ्या दिवसापासून ते नुसतं तोंड धुऊ लागले. माणूस नेकीचा होता, त्याबद्दल वादच नाही. गाणं आता रोज लागत होतं. पण ते लागलेलं असताना लोक एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे. ऐकायची ती दारात उभी राहून एकटी सकीना.

हळूहळू निकालांचा परिणाम दिसू लागला. चाळ चवड्यांवर चालायला लागली. भांडी फडक्यात गुंडाळून ठेवली जाऊ लागली. तक्रारीला जागाच उरली नाही, आणि त्यामुळं गाणंही बंद पडलं.

अशात सकीना बाळंतपणाला मालेगावला गेली आणि लेक घेऊन परतली. लेकीला ना चवड्यांवर चालता येत होतं, ना निकाल वाचता येत होते. ती रडली. सबंध चाळ इतकी गप्प होती की ते रडणं तांबटाच्या दुकानापर्यंत गेलं. संध्याकाळच्या आत तक्रार आली, आणि खाली सगळ्यांचे सह्या-अंगठे होते.

कोंडाजी खुर्चीवर बसले. एका टोकाला फोनो, दुसऱ्या टोकाला मांडीवर लेक घेऊन सकीना. सुई टेकली, गाण्याची पहिली ओळ आली आणि पोर गप्प झाली. टुकूटुकू कर्ण्याकडं बघायला लागली. "माल गैरहजर," असं म्हणून कोंडाजींनी तक्रार काढून टाकली. फोनो मोहोरबंद झाला, कपाट लागलं आणि पोरीनं पुन्हा भोकाड पसरलं. पुन्हा तक्रार, पुन्हा खुर्ची, पुन्हा माल गैरहजर.

"अहो," चतुराबाई म्हणाली, "तो फोनो त्या लेकराच्या उशाशी ठेवा. तिलाही झोप, आपल्यालाही झोप. एवढं साधं आहे."

कोंडाजींना ते पटलं होतं. पण त्यांनी गोष्ट बैठकीत मांडली, आणि बैठक उसळली. फोनो रोज वाजला तर झिजणार. झिजला तर आजवरचे सगळे निकाल खोटे ठरणार. ज्यांनी ज्यांनी शेजाऱ्याला गप्प बसवलं होतं, त्यांना हे परवडणारं नव्हतं. मंगलाबाईचंच म्हणणं पडलं, की मी निम्मं कांडायचं आणि हिनं पूर्ण रडायचं, हा कुठला न्याय?

"मग आम्ही फोनो घेऊन मालेगावला जातो," नियाज म्हणाला. "तो आमचाच आहे."

"माप कुणा एकाचं नसतं," हारुन शेठ म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंडाजींनी बोलायला तोंड उघडलं, पण विरुद्ध बोलावं असा एकही नियम त्यांना आठवला नाही. बैठकीत बोलली गेलेली सगळी वाक्यं त्यांची स्वतःचीच होती.

टांग्यात शिवणयंत्र चढलं, ट्रंक चढली, लेकीला घेऊन सकीना चढली. तिनं वर सज्जाकडं एकदासुद्धा पाहिलं नाही. "लेकरू लहान आहे, पोचवून येते," म्हणून चतुराबाईही चढली. त्याला आता बरेच दिवस झाले. ती अजून आलेली नाही आणि येणार असल्याचं कुणी सांगत नाही. कोंडाजी हातानं भाकरी थापतात. त्यांना दुपारची झोप येत नाही, पण कशामुळं येत नाही ते सांगता येत नसल्यानं तक्रार दाखल करता येत नाही.

नियाजची खोली मात्र रिकामी आहे. सगळ्या नाशकात इतकी शांत खोली दुसरी नाही, असं हारुन शेठ सांगतो, आणि त्यात खोटं काही नाही. रोज माणसं बघायला येतात. चांगली, शिकलेली, घरंदाज माणसं. सकीनाची हकीकत ऐकून हळहळतात, चाळकऱ्यांना नावं ठेवतात, आणि जिना उतरताना हळूच शेठला विचारतात, "शेजारी कुणाकडं लहान मूल नाही ना?" तुम्हीही विचारून घ्या. पत्ता अगदी सुरुवातीलाच दिला आहे, आणि तो तुम्ही परत वर जाऊन बघणार, ह्याची मला खात्री आहे.