वर्तकांची सावकाश स्क्रिप्ट

वर्तक ऑफिसातल्या सगळ्यांना अरे-तुरे करायचे आणि कॉम्प्युटरला अहो-जाहो. "सावकाश होऊ द्या, घाई नाही," असं पडद्याला सांगूनच एंटर दाबायचे.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं पनवेलहून कळंबोलीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत जायचो. ट्रकच्या प्रत्येक फेरीची युनिक्सच्या मशीनवर एक फाईल बनायची. जुन्या फायली दुसऱ्या डिस्कवर हलवायला वर्तक दर रविवारी एकटे यायचे. त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या आज्ञा, एक फाईल उचलायची, नेऊन ठेवायची, मग दुसरीकडे वळायची. सकाळी सुरू केली की संपेपर्यंत दिवे लागायची वेळ व्हायची. वर्तक समोर खुर्ची टाकून बसायचे. "हं, या पुढचे."

एका मंगळवारी मशीन अडलं. फेऱ्या एकदम वाढल्या होत्या; फायलींनी डिस्क भरली, नवी फाईल बनेना. फाटकाशी ट्रक तुंबले, ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागले. मॅनेजर ओरडले, "उडव सगळं!" मी घाबरत rm ही फायली पुसायची आज्ञा लिहून पुढे 'सगळ्या' अशा अर्थाची चांदणी ठोकली. मशीननं साफ नकार दिला: नावांची यादी फार लांब आहे.

"अरे, सगळं ताट एकदम तोंडात कोंबलंस त्यांच्या!" वर्तकांनी मला उठवलं. "आणि उडवतोस काय? ड्रायव्हरांच्या फेऱ्या आहेत त्या."

त्यांनी आज्ञा जोडून एकच ओळ लिहिली. find नावं शोधत गेला, xargs त्यांचे गठ्ठे बांधत गेला, आणि शेकडो फायली एका खेपेला हलू लागल्या. माझा चहा निवायच्या आत फाटकातून पहिला ट्रक बाहेर पडला.

मी थक्क. "वर्तक, हे येतं तुम्हाला? मग रविवार अख्खा का घालवता?"

ते चष्मा पुसत राहिले. पुसता पुसताच म्हणाले, "ही गेल्यापासून घरी पोचलो की कुलूप मलाच काढावं लागतं रे. आधी कडी वाजवायचो. ती आतून म्हणायची, 'आले हं.' बाकीचे दिवस निभतात. रविवार संपत नाही."



पुढच्या रविवारी बायकोनं दिलेला दोघांचा डबा घेऊन मी ऑफिसात गेलो. वर्तक दचकले. माझ्याकडे पाहून घाईघाईनं कीबोर्डकडे वळले. "ती वेगवान ओळच लावतो. तुझा वेळ नको जायला."

मी दुसरी खुर्ची ओढली. "राहू द्या. तुमची नेहमीचीच लावा."