भिकाजीमामांच्या उशीखालचे पाहुणे

भिकाजीमामा लोकांच्या अंगठ्यांवर झोपत असत.

म्हणजे असं, की लोणारात किंवा आसपास कुणाच्या पोराचं साक्षगंध ठरलं, की मुलीकडचे अंगठीत बसवायला खडा आणत, आणि तो सोनाराकडे जायच्या आधी मामांकडे येई. मामा तो पांढऱ्या फडक्यात बांधून तीन रात्री उशीखाली ठेवत आणि मग कोणतं स्वप्न पडलं ते ओट्यावर बसून सांगत. स्वप्न चांगलं तर खडा लाभला. वाईट असेल तर पुडी परत, असा नियम होता.

खडा असा पारखून घ्यायची रीत आमच्याकडे जुनीच, पण ज्याचा त्यानं पारखायचा. नवरदेवावर भलतंच काही ओढवलं तर काय घ्या, म्हणून ही जोखीम कुणीतरी केव्हातरी मामांच्या गळ्यात घातली. त्यामागचं कारण सगळ्या गावाला पाठ होतं. लग्नानंतर वर्षाच्या आत मामी बाळंतपणात गेली, मूल गेलं, आणि त्याच उन्हाळ्यात घरही जळालं. "मायावर आता काय येनार हाय बे? जे यायचं ते यिऊन गेलं," असं मामा स्वतःच सांगत. देवीची लस टोचून घेतलेला माणूस दंड दाखवून सांगतो, त्या सुरात.

ते माझ्या आईचे लांबचे भाऊ. त्यांच्या आणि आमच्या घराला मधली भिंत एकच. बाजारात ते मापारी होते. धान्य मोजताना मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, तेव्हा मामा घरीही 'एक' म्हणत नसत. आईनं चहा दिला की म्हणायचे, "लाभ झाला, आता दुसरा दे." पुढे किलोची वजनं आली, पायल्या माळ्यावर गेल्या, तरी मामांचा पहिला चहा लाभच राहिला.

खड्याला ते खडा म्हणत नसत. पाव्हना. पाव्हना घरात असला, की मामा वांग्याची भाजी खात नसत. "वांगं खाऊन पडलेलं सपन पाव्हन्याच्या नावावर कायले टाकू?" पाव्हन्यासमोर शिवी द्यायची नाही. सकाळी उशीजवळ बशीत घोटभर चहा ठेवायचा. तो थंड झाला, की "पाव्हन्यानं घेतला" म्हणून स्वतः पिऊन टाकायचा.

आणि स्वप्नं! एकदा बीबी गावच्या मंडळींना त्यांनी सांगितलं, "सरोवरातून म्हैस निंघाली. पाठीवर नवरी. दोघीबी हासून राह्यल्या होत्या."

"म्हैस हासत होती, मामा?"

"नवरीपेक्षा जास्त."

दूधदुभतं आणि सुखाचा संसार, असा अर्थ लागला. दुसऱ्या एका स्वप्नात नवरदेव विहिरीत पडला. वधूपिता पांढराफटक. मामा शांतपणे म्हणाले, "घाबरता काऊन? विहिरीत पानी नोयतं. गूळ होता." तोही खडा लाभला. मला कळायला लागलं तेव्हापासून मामांनी एकही पुडी परत केली नव्हती. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा महाराष्ट्र नवा होता, जिल्हा परिषद नवी होती, आणि मी मास्तरही नवाच होतो. मुलगी सोनाळ्याची. नाव कमल. पाहायला गेलो तेव्हा तिनं मान खाली घातली होती, पण माझ्या वडिलांनी पगार वाढवून सांगितला तेव्हा ती हसली, एवढं मी पाहिलं होतं. मला ती आवडली होती. हे इथेच लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मी काहीतरी सबब काढीन.

तिचे वडील निनाजीराव बसा बदलत जिल्ह्याच्या त्या टोकाहून या टोकाला आले. बंडीच्या आतल्या खिशात तीन पुड्या. खामगावच्या सराफाकडून पुष्कराज, पोवळं आणि नीलम आणले होते. "जावईबापूले कोनता लाभन ते आपल्याले काय मालूम? म्हनून तिन्ही आनले." प्रत्येक खडा त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मगच मामांच्या हातावर ठेवला.

मामा हबकले. "तीन पाव्हने एका खाटेवर? भांडतीन ना हो!" मग एकेकाला पाळीपाळीनं झोपवायचं ठरलं. निनाजीराव पोटभर हसले आणि परत गेले.

याच दिवसांत पंचायत समितीच्या सभापतींचा माणूस शाळेत आला. सभापतींची भाची लग्नाची होती. बुलडाण्याच्या शाळेत जागा रिकामी होणार होती. दोन्ही गोष्टी त्यानं एकाच दमात सांगितल्या आणि सुपारी कातरत बसला.

मी वडिलांना काही बोललो नाही. नाही म्हणायची हिंमत कुणापुढेच नव्हती. मी मामांकडे गेलो. ते अंगणात तूर वाळत घालत होते.

"मामा, तिन्ही खडे वाईट निंघाले म्हनून सांगा."

त्यांचा हात थांबला. "काऊन? पोरगी पसंत नाही?"

"तसं नाही."

"मानसं वंगाळ हायेत?"

"नाही."

"मंग?"

सभापतींचं नाव मी घेतलं नाही, पण लोणार केवढंसं. त्यांना कळलं असणार.

"बापू," ते म्हणाले, "म्या आजलोक कोनाचा पाव्हना नाराज करून वापस लावून नाही देल्ला."

मी रडलो. एवढा बाप्या माणूस, तुरीवर बसून रडलो. मामांनी माझ्या धोतराखालची तूर बाजूला सारली आणि म्हणाले, "बरं. रडू नोको. बरं."

निनाजीराव आले त्या दिवशी ओटा माणसांनी भरला होता. तीन खडे, म्हणजे तीन स्वप्नं ऐकायला मिळणार. मामांनी तिन्ही पुड्या समोर ठेवल्या.

"नाही लाभले."

"एकबी?"

"एकबी नाही."

"सपन काय पडलं, मामा?"

"ते इचारू नोका."

बस, एवढंच. मामांनी एखादं भयंकर स्वप्न रचून सांगितलं असतं, तर लोकांनी त्यावरही उपाय काढला असता. शांती करा, उपास करा, चौथा खडा आणा. पण हसऱ्या म्हशीचा माणूस गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्यानं सगळं संपलं. तीन तऱ्हेचे खडे, आणि तेही ज्याच्यावर काही यायचं उरलं नाही अशा माणसाला बाधले. म्हणजे खोट खड्यात नाही, मुलीत. हा हिशेब ओट्यावरच झाला आणि निनाजीरावांची बस सोनाळ्याला पोचायच्या आत तिकडे पोचला असावा. त्यांनी पुड्या उचलल्या. जाताना माझ्या वडिलांना हात जोडून म्हणाले, "तुमचा पोरगा वाचला, बापा." त्यांचा आवाज खरोखर सुटका झाल्यासारखा होता. मी दाराआड उभा होतो.

माझं लग्न झालं. बदलीही झाली. कमलला कुणी करेना. शेवटी तिच्याच वयाची मुलगी असलेल्या एका बिजवराशी तिचं ठरत असल्याचं माझ्या कानावर आलं. सुट्टीत मी लोणारला गेलो. मामांची खाट ओट्यावर उभी करून ठेवलेली.

"पाव्हने?" मी विचारलं.

"बंद केले."

मग त्यांनी आपणहून सांगितलं. ते सोनाळ्याला जाऊन आले होते. पारावर चार माणसांत उभे राहिले आणि म्हणाले, म्या खोटं बोललो. तिन्ही खडे चांगले होते. मले सपनच पडत नाही. बायको गेली तवापासून झोपच येत नाही, त सपन कुठून पडन? आजलोक सांगितलेली सारी सपनं म्या बसून रचेल हायेत.

"मंग?"

"मंग काय. निनाजीराव म्हने, पोरीची दया आली म्हनून खोटं बोलून राह्यले. भल्ले मानूस हाये तुमी. जेवू घातलं मले, बापू. पुरनाची पोई. आग्रह करकरू."

लोकांनी त्यांच्या म्हशीवर विश्वास ठेवला होता, विहिरीतल्या गुळावर ठेवला होता. खऱ्यावर कुणी ठेवला नाही.

"निंघतानी पोरगी पानी घिऊन आली," मामा म्हणाले. "मले इचारते, मामा, झोप येत नाही, त मंग रातभर काय करता?"

त्यांनी तोंड अंगणाकडे फिरवलं. "आजलोक कोनी इचारलं नोयतं. मायाच्यानं काई बोलनंच झालं नाही."

मी त्या भिंतीच्या अलीकडे लहानाचा मोठा झालो होतो. पलीकडून मामांचं पुटपुटणं ऐकू यायचं. पाव्हन्याशी बोलतात म्हणून आम्ही भावंडं पांघरुणात हसायचो.

"आता काय करता?"

"आता काय. बसतो."

मग मी तो प्रश्न विचारला. आल्यापासून मला खरं तर तेवढंच विचारायचं होतं. "मायं नाव सांगतलं काय, मामा?"

"नाही."

"काऊन?"

"सांगतलं असतं, त तुले तिच्यासमोर जाऊन उभं राहा लागलं असतं. तुले नसतं जमलं, बापा."

टोमणा नव्हता. तापातल्या पोराला आज आंघोळ नको म्हणावं, तसं ते बोलले. सोनाळ्याकडची बस अजून जायची होती. मी उठायला हवं होतं. मी बसून राहिलो, आणि मामा माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले.