सात पुस्तकांची चोरी

सूक्ष्म निरीक्षण, थंड डोकं आणि गुन्हेगाराच्या मनात थेट शिरणारी नजर, या तीन गोष्टी एकाच माणसात सापडणं अवघड. मी सापडलो आहे. पूर्वी हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयात कारकून होतो. एकतीस वर्षांत तिथली एकही वस्तू मी हरवू दिली नाही. त्या आधीच हरवलेल्या असायच्या, हा माझ्या बायकोचा आक्षेप मी विचारात घेत नाही.

त्या सकाळी शेजारच्या बाइंडरने बोलावलं म्हणून मी आणि बायको त्याच्या कारखान्यात गेलो. बाइंडर कट्टर कॅथलिक. मुलीचं लग्न ठरलेलं, नवरामुलगा प्रोटेस्टंट मास्तरांचा. मुलगी कोपऱ्यात बसून वह्या शिवत होती आणि रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं.

बाइंडरने माझ्यापुढे मरून रंगाच्या कापडात बांधलेलं बायबल ठेवलं. "आमच्या बायबलात त्र्याहत्तर पुस्तकं. यात सहासष्ट उरलीत. सात गेली."

"कधीपासून?"

"अकरा दिवसांपूर्वी मास्तरांकडे लग्नाची बोलणी झाली, तेव्हा हे मी घेऊन गेलो होतो. ती सात पुस्तकं त्यांचे लोक मानत नाहीत. हळूच काढून घेतली असणार. असल्या घरात मी मुलगी देणार नाही."

मी भिंग काढलं. जिथे सात पुस्तकं असायला हवी होती तिथे कापल्याची खूण नाही, दोरा सुटलेला नाही. इतक्या सफाईने पानं काढणारा माणूस धंद्यातलाच हवा.

"चोर तुम्हीच आहात," मी बाइंडरला म्हणालो.

त्याने डिंकाचा ब्रश खाली ठेवला, तेव्हा मी तो तर्क मागे घेतला. दुसरा तर्क उंदराचा होता, पण नेमकी तीच सात पुस्तकं खाणारा उंदीर प्रोटेस्टंटच असायला हवा. तिसरा संशय मुलीवर गेला.

"काका, मला लग्न करायचंय," ती म्हणाली. "मोडायचं नाहीये."

शेवटी मी मास्तरांना बोलावून घेतलं. ते खांद्याला पिशवी अडकवून आले. पायातल्या चपला काढायच्या आतच बाइंडर म्हणाला, "आलात? आमच्या शास्त्राची चोरी करून?"

मास्तर ताठ झाले. "आम्ही शास्त्राला हात लावत नाही. आमचा सगळा आधार फक्त शास्त्र."

"फक्त शास्त्र, हे शास्त्रात कुठल्या पानावर लिहिलंय? आणि कुठली पुस्तकं घ्यायची, कुठली सोडायची, ही यादी आभाळातून पडली? ती चर्चने ठरवली. यादी आमची घेता आणि वर त्यातली सात गाळता?"

"चर्चने शास्त्र ओळखलं, घडवलं नाही. आणि आत्म्याचं तारण चर्चच्या हातात नाही. ते देवाच्या कृपेने आणि फक्त विश्वासाने मिळतं."

"कृपेनेच मिळतं, ते आम्हीही म्हणतो. पण फक्त विश्वास? उद्या माझी मुलगी तुमच्या घरी येईल. तुम्ही तिला नीट वागवाल असा विश्वास ठेवला की झालं? वागवायची गरज नाही?"

"वागवूच. चांगलं वागणं हे विश्वासाचं फळ. फांदीला फळ बांधून झाड जगत नाही."

"फळच येत नसेल तर झाड जिवंत आहे कशावरून?"

मी दोघांचेही मुद्दे वहीत पुरावे म्हणून टिपून घेत होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, मास्तरांच्या मुलाचा जन्म पहाटेचा का?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने बायबलाचं पहिलं पान उघडलं होतं. तिथे मास्तरांच्या चार पिढ्यांचे जन्म लिहिलेले होते. शेवटची नोंद नवऱ्यामुलाची, पहाटेच्या वेळेसकट आणि वजनासकट.

"हे तुमचं नाहीच," ती बाइंडरला म्हणाली. "अदलाबदल झालीय."

बाइंडर खाली बसला. दोन्ही बायबलं त्यानेच बांधली होती, उरलेल्या एकाच कापडात. आणि पहिलं पान त्याने वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. तो नेहमी वादाच्या पानावरच उघडायचा.

मास्तरांनी पिशवीतून दुसरं, तसंच मरून रंगाचं बायबल काढलं. त्यांचे कान लाल झाले होते. "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मग परत का नाही दिलंत?"

"आज द्यायलाच आणलं होतं. पण तुम्ही दारातच चोर म्हणालात." त्यांनी बायबलातलं खुणेचं पान उघडून दाखवलं. "आणि आधी दिलं नाही, कारण त्या सातांतलं एक वाचायला घेतलं होतं. तोबितचं. बाप आंधळा झालाय, मुलगा लांबच्या प्रवासाला गेलाय, वाटेत त्याचं लग्नही झालं. अजून घरी पोचलेला नाही."

मग मुलगी हसली, आणि बाइंडरच्या मिशाही हलल्या.

"ठेवा तुमच्याकडे," तो म्हणाला. "लग्नाच्या दिवशी आणा. पोचतो का ते सांगू?"

"नको. शास्त्र मी स्वतः वाचतो."

"वाचा, व्याही. पण अडलात तर विचारायला कोणीतरी लागतं. आमचं म्हणणं एवढंच आहे."

"मी अडणार नाही," मास्तर म्हणाले आणि बायबल छातीशी धरून निघून गेले.

घरी येताना मी बायकोला समजावलं की पहिलं पान मी मुद्दाम तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. तिने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मास्तर बाइंडरच्या दारात उभे होते. तोबितच्या पुस्तकातल्या त्या आंधळ्या बापाला माशाच्या पित्ताने दिसायला कसं लागेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं.