साळवेकाकांचा जेवणाचा रकाना

पेशंट जिवंत आहे की नाही, हे साळवेकाका कधीच विचारत नाहीत. फोन लावतात आणि म्हणतात, "काय जेवलात आज?"

बिबवेवाडीतल्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत पोटाच्या कॅन्सरवर संशोधन चालतं. गाठीत कोणतं जनुक बदललंय आणि तसा बदल असलेली माणसं पुढे किती जगतात, याची सांगड माझा प्रोग्राम घालतो. हिंजवडीची नोकरी सोडून मी यासाठी इथं आले. पेशंटना दर महिन्याला फोन करायचं काम काकांचं.

मी फॉर्मवर दोनच पर्याय ठेवले होते, हयात आणि मयत. काका म्हणाले, "अहो मॅडम, एवढं आयटी आलं पुण्यात, आणि माणसाला दोनच खणांत बसवता? जेवणाचा एक रकाना द्या की." दिला. मग नोंदी येऊ लागल्या. 'अर्धी भाकरी, दुधात कुस्करून.' 'मऊ भात. दोन घास जास्त.' 'आमरस मागितला. नाही दिला. रुसलेत.'

फोन आटोपले की काका खिडकीशी उन्हात डोळे मिटून बसत. झोपलात का विचारलं, तर म्हणत, "छे! पंगत बघतोय." त्या पंगतीत त्यांचे सगळे पेशंट असत. वाढपी पुन्हा पुन्हा येई आणि कुणीच पानावर हात आडवा धरत नसे. ऐकता ऐकता मलाही ती दिसायची.

एका जनुकातला बदल फार वाईट. तो असलेली माणसं लवकर जातात. आमच्याकडे असे पेशंट मोजकेच, पण त्यातल्या लोणी काळभोरच्या एक बाई आठ महिने छान जगत होत्या. त्यांच्यामुळे सगळा आलेखच वर गेला. डॉक्टर हरखले. अशा पेशंटना सौम्य औषधावर भागेल का, अशी चर्चा सुरू झाली.

मी बाईंच्या नोंदी उघडल्या. 'पिठल्यात मीठ जास्त.' 'भाकरी करपली.' 'पुन्हा करपली.'

"काका, तिथं स्वयंपाक कोण करतंय?"

काकांनी फोन बाजूला सरकवला. मग म्हणाले, "त्यांचे मालक. बाई गेल्या."

"मग हयात का लिहिलंत?"

"मयत लिहिलं की तुमचा कॉम्प्युटर नंबर यादीतून काढतो. मग फोन कुठल्या नात्यानं करायचा?"

मी चिडले. "काका, या नोंदींवर दुसऱ्यांची औषधं ठरणार आहेत!"

त्यांचा चेहरा उतरला. उठून ते माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले आणि बाई गेल्याची तारीख त्यांनी एकेका बोटानं टाइप केली. आलेख खाली आला, यादीतून नंबर गेला.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "पण मॅडम, माझ्या घरी कोण आहे? ते गृहस्थ फोन ठेवताना मला विचारायचे, तुम्ही काय जेवलात म्हणून."

मला माझ्या आवाजाची लाज वाटली. मी तो नंबर कागदावर लिहून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही. फोन जवळ ओढला आणि नंबर फिरवू लागले.